दुसरी फेरी

१

स्कॅनरवर वस्तू पालथी ठेवावी लागते. आमच्या धंद्यातली अर्धी चिडचिड या एकाच गोष्टीची आहे. ज्याचं चित्र घ्यायचं त्याचं तोंड खाली काचेला, आणि आपल्यासमोर त्याची पाठ. कशिद्याची फ्रेम असो, आजोबांचं पदक असो की कुणाच्या लग्नातला वाळलेला गुच्छ. आपल्याला दिसतात ते मागचे खिळे, पुठ्ठा आणि जळमटं. पुढची बाजू आधी यंत्र बघतं, मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपण.

आमचं यंत्र चौघं आरामात जेवायला बसतील एवढ्या टेबलाइतकं आहे. मालक त्याला म्हातारी म्हणतात. जाड वस्तूवर झाकण बसत नाही, म्हणून त्यांनी ते कधीच काढून माळ्यावर टाकलं आणि खोलीला काळे जाड पडदे लावले. भर दुपारी दिवे घालवले की तिथे स्वतःचा हात दिसत नाही. मग काचेखालून उजेडाची एक पट्टी निघते आणि घूंऽऽ करत डावीकडून उजवीकडे मुंगीच्या पावलांनी जाते. मला मुळात धीर नाही. ती पट्टी पलीकडे पोचेपर्यंत मी उभ्याउभ्या बोटं मोडते, पाय हलवते, मनातल्या मनात भांडणं उकरून काढते.

"म्हातारीला दोन बोटांपुरतंच दिसतं," हे मालकांचं ठरलेलं वाक्य. काचेपासून दोन बोटांच्या आत असेल ते लख्ख येतं. त्याच्या वरचं धूसर. त्याहून वर नुसता काळोख. एकदा एका गृहस्थांनी आजोबांची कवळी आणली होती. दात असे आले की आत्ता चावतील, आणि टाळू धुक्यात गेली.

खोल वस्तूंना आमच्याकडे नेहमी दोन फेऱ्या होतात. उजेड एका बाजूनं येतो, त्यामुळे सावली एका बाजूला पडते. म्हणून वस्तू अर्धी फिरवून ठेवायची आणि पुन्हा एक फेरी घ्यायची. मग दोन्ही चित्रं एकावर एक बसवली की सावल्यांची फिट्टंफाट होते. एक फेरी म्हणजे अर्धवट काम. मालकांचा दुसरा हट्ट म्हणजे काच रिकामी जाऊ द्यायची नाही. मोठी फ्रेम ठेवली की उरलेल्या जागेत दुसऱ्या कुणाची किल्ली, तिसऱ्याचा बिल्ला, असं सगळं भरायचं. बाजूला एक फूटपट्टी ठेवायची, म्हणजे मापात चूक होत नाही.

२

ती बाई आली त्या दिवशी ठमीचा वाढदिवस होता. ठमी माझी मुलगी. खरं नाव शाळेत चालतं, घरात ती ठमीच. चार वर्षं पूर्ण झाली होती, आणि वाढदिवसाचा हट्ट म्हणून ती माझ्याबरोबर दुकानात आली होती. टेबलाखाली बसून ती माझी चिकटपट्टी वाया घालवत होती.

बाई माझ्याच वयाची असेल. नीटनेटकी, केस घट्ट बांधलेले. तिनं पिशवीतून खोक्यासारखी खोल फ्रेम काढली. पुढे काच, आत पांढऱ्या प्लास्टरचा बाळाचा उजवा हात. हल्ली असे साचे पुष्कळजण करून घेतात. तळवा पुढे, बोटं किंचित वाकलेली. तळव्यावरच्या रेघासुद्धा उमटल्या होत्या. काम फार सुरेख होतं.

"जेवढा आहे तेवढाच यायला हवा," ती म्हणाली. "एक रेघ कमी नाही, जास्त नाही. आणि ताई, फ्रेम उघडू नका."

"नाही उघडत. आता केवढं झालंय बाळ?"

"वाढायचं राहूनच गेलं त्याचं," ती म्हणाली.

मी उगाच फूटपट्टी पुसत बसले. तिनं मात्र पडदा सरकवून आत पाहिलं. "एवढीशी फ्रेम. बाकीची काच रिकामीच जाणार का?"

"आमच्याकडे नाही जात," मी म्हटलं, आणि विषय बदलला म्हणून मला बरंच वाटलं.

दर वाढदिवसाला मी ठमीचा उजवा हात काचेवर ठेवून घेते. लोक दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा करतात, आम्ही तेही करतो आणि हेही. फ्रेम उजवीकडे पालथी ठेवली होती, डावीकडे भरपूर जागा होती. मी ठमीला स्टुलावर उभं केलं. आधी तिच्या तळव्यावर गुदगुल्या केल्या, हे आमचं ठरलेलं. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी इस्त्रीचा चटका आहे, नखाएवढी चंद्रकोर. तिथे बोट फिरवलं की ती खिदळते. मग हात काचेवर दाबला.

"हलायचं नाही हं, ठमे. झालंच."

उजेड तिच्या हाताखालून गेला, मग फ्रेमखालून. बाई पडद्याजवळ उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"आई, मी हलले नाही," ठमी म्हणाली. "तो पण नाही हलला."

दुसऱ्या फेरीसाठी फ्रेम फिरवली तोवर ठमी कंटाळून टेबलाखाली गेली होती. चार वर्षांच्या पोरीला किती धरून ठेवणार? तिची एकच फेरी झाली. तिच्या हाताचं चित्र डाव्या बाजूनं उजळ आणि उजव्या बाजूनं काळपट आलं. असू दे, घरचंच तर आहे, असं म्हणून मी ते तसंच ठेवलं. बाईनं आपलं चित्र बघितलं, मान डोलावली आणि फ्रेम छातीशी धरून गेली.

३

थंडी सरता सरता ती पुन्हा आली. तीच फ्रेम, तेच काम. "पुन्हा एकदा माप घ्या," म्हणाली. घाईत होती, फ्रेम ठेवून गेली.

मी मालकांना म्हटलं, "याचं चित्र आहे आपल्याकडे. तेच देऊन टाकू का?"

"गिऱ्हाइकानं पुन्हा काढ म्हटलं की पुन्हा काढायचं. आपल्या बापाचं काय जातंय?" मालक चहाच्या तयारीत होते.

दोन्ही फेऱ्या झाल्या. मी नवं चित्र जुन्यावर बसवायला घेतलं आणि ते बसेना. मनगट जुळवलं तर बोटं पुढे जात. बोटं जुळवली तर मनगट खाली घसरे. मी दोन्ही फूटपट्ट्या एकमेकींवर ठेवल्या. त्या रेघेला रेघ जुळल्या. हात जुळला नाही.

आता मी काही खुळी नाही. वस्तू काचेच्या जवळ आली की थोडी मोठी दिसते, हे मला ठाऊक आहे. आतला हात सुटून पुढे सरकला असेल. पण तसं झालं तर हात फक्त रुंदीत मोठा दिसतो, लांबीत नाही. लांबी उजेडाच्या चालीनं मोजली जाते. मी फ्रेम आडवी करून पुन्हा फेरी घेतली. हात रुंदीतही वाढला होता आणि लांबीतही. फ्रेम हलवून पाहिली. आत काही खुळखुळलं नाही.

"दमट हवेनं प्लास्टर फुगतं," मालक बशीतून घोट घेत म्हणाले.

"सगळीकडून सारखं?"

"तुला फार शंका. घर कसं चालतं गं तुझं?"

हसून मी फ्रेम फळीवर ठेवली. ठेवताना तिचं तोंड भिंतीकडे केलं. का केलं, ते त्या वेळी मला विचारलं असतं तर मी धूळ बसू नये म्हणून असं सांगितलं असतं.

४

त्याच आठवड्यात मी ठमीची नखं कापायला बसले. तिला मांडीवर घेतलं, नेलकटर उघडलं आणि थांबले. कापायला नखंच नव्हती. बोटांच्या टोकांशी अगदी लागून, नीट, जशी आपण कापतो तशीच ती होती.

"तू कापलीस का हिची?" मी नवऱ्याला विचारलं.

"मी? मला ती हात लावू देते का?"

"मग मी शेवटची कधी कापली?"

त्याला आठवेना, मलाही आठवेना. मग मी उठले आणि चपलांच्या कपाटातून तिचे बूट काढले. वाढदिवसाचे नवे बूट. एव्हाना चावायला हवे होते. ते तसेच सैल होते. तिला दाराच्या चौकटीला उभं केलं. पेन्सिलीची रेघ बरोबर डोक्याला लागली.

"बरं आहे की," नवरा म्हणाला. "बूट टिकले. पोरं कधी भसकन वाढतात, कधी थांबतात." पण त्यानं स्वतः पुन्हा एकदा तिच्या डोक्यावर पट्टी ठेवून बघितली, ते मी पाहिलं. डॉक्टरांनी तिला तपासलं, गालगुच्चा घेतला आणि काही दिवस वाट बघू म्हणाले. वाट बघणं मला जमत असतं तर आणखी काय हवं होतं!

मी तिला दुकानात नेलं. हात काचेवर ठेवला, फेरी घेतली आणि ते चित्र वाढदिवसाच्या चित्रावर बसवलं. पडद्यावर एकच हात राहिला. बोटं, रेघा, चंद्रकोर. केसाचाही फरक नाही. हिवाळा आला, गेला, आणि माझ्या मुलीचा हात तेवढाच. मला इतकी भीती वाटली की मी तिला उचलून उजेडात आणलं आणि तिचे पापे घेत सुटले. ती वैतागून म्हणाली, "आई, लाळ!"

मग एक विचार डोक्यात आला आणि तो जाईना. तो हात वाढतोय. हा थांबलाय.

५

बाई फ्रेम न्यायला आली नाही. ती फळीवरच राहिली. मी तिच्याकडे पाठ करून बसायला लागले, मग तोंड करून बसायला लागले. दोन्हीत चैन पडेना.

एके दुपारी मालक बाहेर गेले होते. यंत्र बंद होतं. फळीवरून आवाज आला. टक्. आपण खिडकीच्या काचेला नख लावतो, तेवढाच.

लाकूड आहे, सुकलं की बोलतं. खालून गाडी गेली असेल, फळी हादरली असेल. मी कान देऊन बसले. रस्त्यावर कुणी कुणाला हाक मारत होतं. शेजारच्या दुकानात शटर वर गेलं. मग पुन्हा टक्.

मी फ्रेम उचलली, तिच्याकडे न बघता पालथी घातली आणि फेरी लावली. त्यातल्या त्यात म्हातारीवर माझा विश्वास होता. तिला शंका येत नाहीत.

हात आणखी मोठा झाला होता. ठमीच्या हातापेक्षा आता थोडा मोठाच. आणि पहिल्या चित्रात धुक्यात असलेली बोटांची टोकं आता लख्ख आली होती, म्हणजे ती काचेला टेकली होती. टोकांवरून पुढे आलेल्या कडा दिसत होत्या. नखं. पांढरी, पातळ, कापायला झालेली.

मी खुर्चीत बसले. फ्रेम फोडावी, हे पहिलं मनात आलं. हातोडी ड्रॉवरमध्ये होती. पण फोडली आणि आत नुसतं प्लास्टर नसलं तर? आणि ठमीचं जे काही त्यात गेलंय ते फोडल्यावर कुठे जाणार?

गंडेदोरे, नजर, बाहेरचं, यातलं मी काही मानत नाही. पण हाताने केलेलं काम मला कळतं, आणि त्यातली चूक तर आधी कळते. त्या दिवशी एका उजेडात दोन हात ठेवले होते. एकाच्या दोन फेऱ्या झाल्या, दुसऱ्याची एकच. सावली एका बाजूला पडली आणि ती मी तशीच राहू दिली. बाकी मला काही समजत नव्हतं, पण एवढं मला चक्क दिसत होतं. काम अर्धवट राहिलं होतं.

हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मलाच डॉक्टरकडे नेलं असतं.

६

शनिवारी दुपारी मी ठमीला घेऊन आले. मालकांना कुठल्याशा कामाला पिटाळलं. पडदे ओढले. या वेळी सगळं उलट मांडलं. फ्रेम फिरवून डावीकडे ठेवली. स्टूल यंत्राच्या पलीकडच्या बाजूला नेलं आणि ठमीला तिथे उभं केलं, म्हणजे तिचाही हात फिरलेला यावा. गुदगुल्या करायचं मला सुचलं नाही.

"हलायचं नाही हं, ठमे. झालंच."

"आई, तू इकडे ये ना."

"मला कॉम्प्युटरशी थांबायचंय राणी. मी इथेच आहे."

मी दिवे घालवले आणि बटण दाबलं. घूंऽऽ. आता उजेड आधी फ्रेमखालून जाणार होता. मी अंधारात पडद्यासमोर उभी राहिले. माझे दोन्ही हात टेबलावर होते, हे मला पक्कं आठवतं, कारण पडद्याच्या उजेडात मी त्यांच्याकडेच बघत होते.

"आई," ठमी म्हणाली, "तो हलतोय."

"तू हलू नकोस!"

"मी नाही हलत. तू माझा हात सोड ना, दुखतंय."

मी तिच्यापासून टेबलभर लांब होते. धावत जायला हवं होतं. पण फेरी मध्येच तुटली असती, आणि मग पुन्हा अर्धवट. मी गेले नाही. पडद्यावर चित्र पट्टीपट्टीनं उमटत होतं. फ्रेमच्या लाकडाच्या रेषा आल्या. आतला पांढरा पुठ्ठा आला. मग हात आला, आणि तो लहान होता. बाळाचा. अगदी पहिल्या दिवशी होता तेवढा. बोटांची टोकं पुन्हा धुक्यात. मी हसलेच, मोठ्यानं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मग अंगठ्याचं मूळ आलं. तिथे एक खूण होती. एवढ्याशा तळव्यावर एवढीशी, वाकडी, चंद्रकोरीसारखी.

चित्र पुढे सरकलं. फ्रेमची कड आली, मग काळोख, मग ठमीच्या बोटांची टोकं दिसू लागली. अजून तळवा यायचा होता. मी कॉम्प्युटरचा पडदा बंद केला.

यंत्र शेवटपर्यंत चाललं. थांबल्यावर इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू येत होता.

"झालं?" अंधारातून आवाज आला.

"झालं," मी म्हटलं. ते चित्र मी न बघता पुसून टाकलं.

७

ठमी वाढायला लागली. काय सांगू, आठवड्यातच नखं कापायला झाली. महिन्याभरात बूट चावले आणि नवऱ्यानं इतक्या आनंदानं नवे आणले की मापात मोठेच आणले. चौकटीवरची रेघ मागे पडली. डॉक्टर म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं? ती जेवते, भांडते, रात्री माझ्या कुशीत झोपते. चिकटपट्टीला मात्र हात लावत नाही. मुलांच्या आवडी बदलतात.

प्लास्टरचा टवका उडाला असेल. काचेवर केस पडला असेल. असं मी स्वतःला रोज सांगते. ठमीचा हात उलटून पाहिला की एका क्षणात सोक्षमोक्ष लागेल, हेही मला कळतं.

बाई आली तेव्हा ठमी दुकानातच होती. मी फ्रेम काढून तिच्यापुढे ठेवली आणि ओरडा ऐकायची तयारी केली. हात पुन्हा एवढासा झाला होता, तिला ते दिसणारच होतं. तिनं फ्रेमकडे पाहिलंही नाही. ती ठमीसमोर गुडघ्यांवर बसली. ठमी अनोळखी माणसाला हात देत नाही. तिनं दिला. बाईनं तो हात उताणा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि मग बोटं एकेक करून मिटून ठेवली. माझ्याकडे तिची पाठ होती. मला तळवा दिसला नाही, आणि मी पुढेही झाले नाही.

"छान वाढतंय हो," ती उठत म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "त्रास देत नाही ना?"

"ती माझी मुलगी आहे," मी म्हटलं. आवाज चढला होता.

"हो तर. सांभाळा." पिशवी खांद्याला लावून ती दाराशी गेली, आणि तिथून फ्रेमकडे बोट केलं. "ती तुमच्याकडेच राहू द्या, ताई. मधूनमधून माप घेत जा. आईनं घ्यावं."

रविवारी मी ठमीची नखं कापते. तिचा हात माझ्या गुडघ्यावर पालथा ठेवते. ती कधी कधी तो उलटा करून पुढे करते, म्हणते, "आई, गुदगुल्या कर ना." मी तिची मूठ मिटवते आणि त्या मुठीचा पापा घेते. प्रेम वाटतं, खोटं का बोलू? खूप वाटतं.

आणि सोमवारी, मालक चहाला गेले की, मी फळीवरची फ्रेम काढते. तिचं तोंड न बघता ती काचेवर पालथी ठेवते. बाजूला फूटपट्टी ठेवते. कॉम्प्युटरचा पडदा बंद असतो. नुसता उजेड फिरवते, दोन्ही फेऱ्या. पट्टी खालून जात असताना मी फ्रेमच्या पाठीवर, त्या पुठ्ठ्यावर, हात ठेवून उभी राहते. आता मी पाय हलवत नाही, बोटं मोडत नाही. कधी आतून टक् असा आवाज येतो.

"हलायचं नाही हं, ठमे," मी म्हणते. "झालंच."